शेठजींची पहिली खोली

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या पूर्वजावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या एका शेठजींनी महाल भागात धर्मशाळा बांधली. मामांचं त्यांच्याशी नातं ना गोतं, पण मामा बोलायला लागले की शेठजी आत्ताच संत्री घ्यायला कळमन्याच्या बाजारात गेलेत असं वाटतं. शेठजी चहाला शिवत नसत, हे मामा प्रत्येक घरी चहाचा दुसरा कप घेताना सांगतात. माझ्या लग्नात तर त्यांनी अख्खी वरात "पाचच मिनटं" म्हणून धर्मशाळेची विहीर बघायला वळवली. भटजी घामाघूम, सासरे लालबुंद, आणि मामा आपले काठावर उभे राहून पाण्याची गोडी वर्णन करताहेत!

शेठजींनी दानपत्रात लिहून ठेवलंय, दाराजवळची पहिली खोली वाटसरूला फुकट, आणि येणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात विश्वस्तांनी ठरवलं, महिनाभर कोणी वाटसरू आला नाही तर तिथे मोबाइलचं दुकान काढायचं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवसापासून हा गृहस्थ तीन गल्ल्या ओलांडून, पिशवीत टॉवेल घेऊन, वाटसरू म्हणून तिथे बसायला लागला! धर्मशाळेचा मॅनेजर तर त्यांना स्वतःच्या लहानपणापासून ओळखतो. विश्वस्त चरफडले, हा कसला वाटसरू म्हणाले. पण नाव-गाव विचारल्याशिवाय ते सिद्ध कसं करणार? मामींनी तेवढं विचारलं, "घरी कूलर हाये, तिथं काहून शिजून राहिले?" मामा म्हणाले, शेठजींकडे तरी कुठे कूलर होता.

सव्विसाव्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेलो, तर पारशिवनीकडची एक बाई गाठोडं घेऊन दारात उभी. नवरा दवाखान्यात होता, तिला राहायला जागा नव्हती. मामा ताडकन उठले, सतरंजी झटकून घातली, पिशवी उचलून बाहेर आले. बाई ओशाळली.

"माह्यासाठी कायले उठता बाबूजी? तुमी कुठं जासान आता?"

झालं, आता हिला शेठजी जन्मापासून ऐकावे लागणार, असं मी मनाशी म्हटलं. पण मामा एवढंच म्हणाले, "माहं घर जवळच हाये. तू बस वं बाई."

खोली वाचली होती. परतताना मला राहवेना. मी म्हटलं, मामा, शेठजींचं नाव तरी तिच्या कानावर घालायचं होतं. मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"लय दमली होती ते, जावाई. पडू द्या तिले."

मग घर येईपर्यंत ते शेठजींविषयी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला मात्र फार चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.