शनिवारी जमा केलेले बूट

ज्यांच्या अंत्यविधीला मी पोहोचलो नाही, त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, याची आधीच माफी मागतो. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. शेषराव सरांना जाऊन महिना झाला. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, परत दिलेले माझे बूट समोर आहेत, ते पायात घालवत नाहीत... म्हणून लिहितो.

सर शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. बुलढाण्याच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा खेड्यांतल्या पोरांना ते धावायला शिकवत. त्यांचा एक नियम मात्र जाचायचा. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकानं बूट त्यांच्या गोणीत टाकायचे, ते सोमवारी पहाटेच परत मिळत. रविवारी धावणं बंद, मोबाइलही बंद. मोबाइलचं कुणीच पाळत नसे, मीही नाही. कुणी कुरकुरलं की सर म्हणत, "बैलालेही पोळ्याले सुट्टी असते बे. तू काय बैलापेक्षा तगडा हायेस?"

तिकडे गावी, उंद्रीला, बाप उन्हात राबतो आणि मी इथे खोलीवर लोळतो, याची मला लाज वाटायची. गेल्या वर्षी भरती तोंडावर आली तेव्हा सलग चार रविवार मी चिखलीच्या रस्त्यावर लपून अनवाणी धावलो. मग नडगीत अशी कळ निघाली की पाय टेकवेना. सरांना सांगितलं, बसस्टँडच्या पायरीवरून घसरलो. त्यांनी काही विचारलं नाही. रोज डब्यात बर्फ घेऊन यायचे, फडक्यात गुंडाळून माझ्या नडगीवर धरायचे. चढावर सायकल ढकलून त्यांनाच धाप लागलेली असायची. "सर, तुमीबी जरा आराम करा ना," मी एकदा म्हटलं. "माह्यी भरती कवाच झाली रे बाबा," म्हणून हसले. ती भरती माझ्या हातून गेली. खोटं मात्र पोटातच राहिलं.

त्या शेवटच्या शनिवारी मी गोणीत बूट टाकत होतो. सर माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, "या इतवारी खरंच झोपजो. पायरीवरून पडलेल्याचे तळवे नाही फाटत बे."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं... आजूबाजूला पोरं होती. सोमवारी एकटे भेटले की पाय धरून माफी मागायची, असं मी ठरवलं.

रविवारी पहिल्यांदा त्यांचं पुरतं ऐकलं. मोबाइल बंद केला, दार लावलं आणि झोपलो. कितीतरी महिन्यांचा शीण होता, मेल्यासारखा झोपलो. सोमवारी पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर गेलो. गोणी नव्हती, सर नव्हते, एकही पोरगा नव्हता. बराच वेळ अनवाणी उभा राहिलो, मग मोबाइल सुरू केला. मेसेज येतच राहिले. पहिला रविवारी सकाळचा होता, सर गेले म्हणून. शेवटचा दुपारचा... "दार वाजवून वाजवून थकलो बे. नेऊन राह्यलो आता सरले."