वीणाच्या लॉगिनवर चालवलेला मॅक्रो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगताना रडायबिडायचा विचार नाही — मला राग आलाय, माझाच, आणि तो आता पोटात मावत नाही.

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमात आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. डायलिसिस केंद्रांत पेशंटच्या वेळा लावणारा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. त्यात एक जुनं नाव शेकडो ठिकाणी बदलायचं होतं, आणि दर ठिकाणी त्याच्या खालची, चाचणीपुरती घातलेली ओळ काढायची होती. काम वीणाचं. वीणा आमच्याच समाजातली, इथल्या मराठी रंगारी घरातली. ऑफिसात मला सर म्हणायची, बाहेर अण्णा. ती एकेक जागा शोधून, वाचून बदलत बसली होती.

"अगं, अशानं हत्तीवरची जंबू सवारी निघून जाईल दसऱ्याची," मी म्हणालो. "सरक."

तिच्याच खुर्चीत, तिच्याच लॉगिनवर मी एडिटरमध्ये मॅक्रो रेकॉर्ड केला — नाव शोध, बदल, खालची ओळ उडव, पुढे जा. एकदा करून दाखवलं की पुढचं सगळं तो आपोआप करत जातो.

"अण्णा, स्वल्प थांबा की." घाईत तिच्या तोंडून अण्णाच निघालं. "सगळीकडे खाली तीच ओळ आहे का, बघून घेते."

"बघतच बसायचं तर मॅक्रो कशाला?"

आणि फाइलच्या शेवटापर्यंत सोडून दिला. क्षणात काम खलास. आजूबाजूचे बघत होते. मला ते आवडलं — खोटं कशाला बोलू?

एका जागी खालची ओळ वेगळी होती. एका मशीनवर एकाच वेळी दोन पेशंट लागू नयेत, हे तपासणारी. तीही उडाली. थोड्याच दिवसांनी एच. डी. कोटेहून पहाटेच्या बसनं आलेल्या एका आजींच्या वेळेला त्याच मशीनवर दुसराही पेशंट लागलेला, म्हणून त्यांना मशीन मिळालं नाही. त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी धाप लागली, आयसीयूत ठेवावं लागलं. वाचल्या — पण त्या वाचण्यात माझा काय हात?

साहेबांनी बदलांची नोंद उघडली. नाव वीणाचं. भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. का? अण्णा बोलतील म्हणून. आणि अण्णा बोलले — "घाई झाली असेल तिची."

नुसता गप्प बसलो असतो तर भित्रा म्हणता आलं असतं. हे त्याहून घाण होतं.

तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. दुसऱ्या कंपनीनं चौकशी केली, तर तिथंही हेच सांगितलं गेलं. आता घरी शिकवण्या घेते म्हणे. मी बढती घेतली. नवी पोरं मॅक्रो शिकायला माझ्याकडेच येतात, आणि मी त्यांना बजावतो, चालवण्याआधी दर जागा डोळ्यांनी बघा. तिचं बोलणं, माझ्या तोंडी! ती माना डोलावतात, आणि मला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. मारतो का? नाही. चहा मागवतो.

माझ्यावर कसला ताण होता, कुणी मागे लागलं होतं — असलं काही नव्हतं. साधी दुपार होती.

ती ओळ मी उडवली. हे साहेबांना, त्या आजींच्या घरी, आणि वीणाला समोर उभं राहून सांगणं अजून बाकी आहे.