ग्लासभर पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, विचारू नका — मलाच नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात वडगाव निंबाळकरपासून डाळजपर्यंत केळीवाल्यांत माझा भाव होता. एका शिबिरात मी एक परीक्षा शिकलो होतो. पानं पिवळी पडलेल्या केळीच्या बुडख्याचा तुकडा कापायचा आणि काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात धरायचा. आत जिवाणूंचा रोग असेल तर थोड्याच वेळात तुकड्यातून दुधासारखी धार खाली उतरते. झालं काम! ग्लास मी ज्याची बाग त्याच्याच घरी मागायचो. आधी निम्मं पाणी प्यायचं, उरलेल्यात तुकडा धरायचा — ही माझी रीतच पडून गेली होती. लोकांनाही ती आवडायची.

डाळजच्या यशवंततात्यांनी बोलावलं. तात्या बौद्ध. बारामती एमआयडीसीतली नोकरी संपवून त्यांनी हौसेनं पहिलीच बाग लावली होती. तिचे मुनवे — बुडातून फुटलेली पिल्लं — इंदापूरकडे दिलेल्या लेकीला लावणीसाठी द्यायचे होते. माझ्याबरोबर बांधावर माझ्या भावकीतले दोघं उभे होते.

तात्यांची मंडळी घरातून ग्लास घेऊन आली. काचेचा, काठोकाठ भरलेला. माझी रीत त्यांच्याही कानावर गेली असणार.

मी भावकीतल्या दोघांकडे पाहिलं. आणि म्हणालो, तहान नाही. ग्लास हातात घेतलाच नाही; घेतला असता तर रीतीप्रमाणे आधी प्यावं लागलं असतं.

ते दोघं काय म्हणाले असते? कदाचित काहीच नाही. मला कुणी अडवलं होतं का? जयंतीला स्टेजवरून समतेवर बोलणारा मी — लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पाण्यात धरून बघायचं न्हाय का, साहेब?" तात्या म्हणाले. "लेकीला मुनवं देऊ का मग?"

"द्या की तात्या. पाणी जास्त झालंय, दुसरं काय न्हाय."

बाईंनी ते पाणी केळीच्या बुडाशी ओतलं. त्यांना कळलं होतं. तात्यांना नाही.

इथंच संपलं असतं तर मी निदान चुकलो म्हणालो असतो. पण निघताना बुडख्याचा एक तुकडा मी रुमालात बांधून आणला होता. घरी, माझ्या ग्लासात धरला. धार उतरली — पांढरी, सरळ.

मुनवे अजून गेले नव्हते. एक फेरी मारली असती तर भागलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं ना, की तिथंच का नाही पाहिलं? मी गेलो नाही.

तात्यांची बाग बसली. लेकीचीही. बापानं सडकं दिलं, हे तिला सासरी किती वर्षं ऐकावं लागलं कोण जाणे. तात्या मात्र सगळ्यांना सांगत राहिले, साहेबांनी बघून दिलं हुतं, आपलंच नशीब. आता तात्या नाहीत.

त्या दिवशी तो तुकडा मी उकिरड्यावर फेकला. ग्लास राखेनं घासला. जेवताना त्यातूनच पाणी प्यालो.