अकुलिनाने फोडलेली काच

अकुलिना विनोकुरोवा चिडली की आधी हातातला पाना भिरकावायची, मग बोलायची. खांदिगाच्या गॅरेजात वीस वर्षं मी तिच्या शेजारी वेल्डिंग केलं. दोनदा माझं डोकं थोडक्यात वाचलं. तरी ऑक्टोबर लागला की हिवाळ्यासाठी गाड्या तयार करून घ्यायला ड्रायव्हरांची रांग तिच्याच दाराशी. लहानथोर सगळे तिला एजीय, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे आणि तिच्या शिव्या मुकाट खायचे.

काम मात्र चोख. उन्हाळ्याचं जाड ऑइल काढून पातळ भरायची. इंजिनावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गोधडी. काचांना आतून दुसरी काच, म्हणजे श्वासाचा बर्फ धरत नाही. बॅटरी, इंजिनाचे पट्टे, टायर. शेवटी मागचं दार उघडून बघायची: दोन स्टेपन्या, कुऱ्हाड, नमद्याचे बूट आणि गोठलेलं इंजिन ज्वाळेने तापवायचा ब्लोलॅम्प. तो पेटवून दाखवल्याशिवाय किल्ली हातात पडत नसे.

तिचा धाकटा भाऊ मिखेय कोलिमाच्या रस्त्यावर गाडीतच गोठून गेला होता. ब्लोलॅम्प होता, पण त्यात थेंबभर तेल नव्हतं. बिचाऱ्याने सीटा फाडून जाळल्या होत्या. त्याला आणायला आम्ही गेलो तेव्हा त्याची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. स्टिअरिंग कापायला आरी लावली तर तिचं पातं थंडीने काडीसारखं तुटलं. मग अकुलिना आत बसली आणि भावाचं एकेक बोट तिने स्वतःच्या हाताने मोडलं. तो आवाज मी ऐकलाय.

नोव्हेंबरच्या अखेरीची गोष्ट. सकाळचे अकरा, उणे एक्कावन्न. स्तेपान नेउस्त्रोयेव सहा माणसं भरून कोलिमाच्या त्याच रस्त्याने उस्त-नेराला निघाला होता. टायरमध्ये हवा भरायला आमच्या अंगणात थांबला. अकुलिनाने सवयीने गाडीभोवती फेरी मारली, मागचं दार उघडलं.

"स्तेपान, काच एकेरीच? आणि पट्टा बघितलास? चिंध्या झाल्यात."

"परवा बदलतो, एजीय."

"ब्लोलॅम्प पेटव."

"आता कुठे पेटवत बसू? लोकांना उशीर होतोय."

"दोन तास दे. मी करून देते सगळं."

गाडीत बसलेली मात्र्योना आतून ओरडली, "दोन तास कसले? उद्या सकाळी माझ्या आईला पुरणार आहेत! सोड गाडी!"

अकुलिना ड्रायव्हरच्या दाराशी गेली, आत हात घातला आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. त्या थंडीत चालू इंजिन बंद करणं म्हणजे माणसाचा गळा दाबणंच. स्तेपान तिच्यासमोर आला.

"किल्ली दे, म्हातारे."

"नाही देत."

त्याने जॅकचा दांडा उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं मला दहा पावलांवरून ऐकू आलं. ती गुडघ्यावर बसली. "तुझ्या भावाचं भूत आमच्या मानगुटीवर कशाला बसवतेस?" असं म्हणून त्याने दुसरा घाव पाठीत घातला. मग दुसरी किल्ली काढून तो गाडी चालू करायला दारातून आत वाकला.

ती उठली. ऐरणीपाशी घण होता. डावा हात लोंबत असताना उजव्या हाताने तिने तो उचलला आणि समोरच्या काचेवर घातला. थंडीने ठिसूळ झालेली काच भुगा होऊन आत उडाली. स्तेपान तोंड धरून किंचाळत बाहेर पडला. बोटांमधून आलेलं रक्त गालावर येईतो गोठत होतं. तो आत वाकलाय हे तिला दिसलं होतं का, मला आजही सांगता येणार नाही.

गाडीतले दोघे उतरले आणि अकुलिनाला खाली पाडून लाथा घालू लागले. मी पाइप घेऊन धावलो. एकाचे समोरचे दात पाडले, तेव्हा कुठे दुसरा मागे सरला. मात्र्योना बर्फात उभी राहून ओरडत होती, "मार तिला! अजून मार!" कोणाला म्हणत होती, कोण जाणे.

स्तेपानचा डावा डोळा गेला. मात्र्योनाच्या आईला तिच्याविना पुरलं. अंगणात उभ्या राहिलेल्या त्या गाडीतला ब्लोलॅम्प दुसऱ्या दिवशी मी हलवून बघितला, कोरडा ठणठणीत. हे मी कोर्टात सांगितलं. पण त्याच दिवशी दुसऱ्या एकाची तसलीच गाडी तसल्याच एकेरी काचेनिशी उस्त-नेराला सुखरूप पोचली होती, तेही कोर्टात सांगितलं गेलं. अकुलिनाला वर्षभर रस्ते झाडायची आणि बर्फ उपसायची शिक्षा झाली. एका हाताने उपसायची. दुसरा हात खांद्याच्या वर परत कधी गेला नाही.

"ती गाडी पोचली ना, मग?" एकदा मी विचारलं.

"ती माझ्या अंगणातून गेली नव्हती," ती म्हणाली. मग पाना उचलत म्हणाली, "डोळ्याचं वाईट झालं."

एप्रिलमध्ये मात्र्योना गॅरेजात आली. सरळ चालत आली आणि अकुलिनाच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. अकुलिनाने हात वर केला नाही की मान वळवली नाही. मात्र्योना टायरावर बसून ढसाढसा रडली. अकुलिनाने दुधाचा चहा पुढे केला, तो तिने भिंतीवर फेकला आणि निघून गेली. ऑक्टोबरात मात्र्योनाच्या नवऱ्याची गाडी रांगेत होती.

स्तेपान आता बॉयलरघरात कोळसा ओढतो. रस्त्यात अकुलिना दिसली की तिच्या पायांपाशी थुंकतो. ती थांबते, त्याला थुंकू देते, आणि मग कामावर येते.