मेमरीचा चौथा स्लॉट

टक् असा बारीक आवाज आला आणि प्लास्टिकचा एक तुकडा माझ्या अंगठ्याच्या नखात अडकला. मी हात तिथेच थांबवला. मेमरीची चौथी पट्टी एका बाजूला कलली होती.

मी सांगलीत जुने सर्किट बोर्ड दुरुस्त करते. आधी नोकरीत टेलिफोन एक्स्चेंजचे करायचे, आता ज्याचा नवीन बोर्ड मिळत नाही असं काहीही. त्या सोमवारी मिरजेला कृत्रिम पाय बसवणाऱ्या एका केंद्रात गेले होते. त्यांच्याकडे तीसेक वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या हाताने घेतलेलं वर्कस्टेशन आहे. वर्कस्टेशन म्हणजे त्या काळी ड्रॉइंगच्या कामासाठी बनवलेला ताकदीचा कॉम्प्युटर. पेशंटच्या पायाचं माप त्यात घ्यायचं, स्क्रीनवर आकार नीट करायचा, मग शेजारचं कटिंग मशीन त्या आकाराचा प्लास्टरचा साचा कोरून देतं. साच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की कप तयार. पायाचा उरलेला भाग या कपात बसतो. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच बोर्डाच्या नंबरला बांधलेलं, त्यामुळे नवीन कॉम्प्युटर आणून उपयोग नाही.

तक्रार किरकोळ होती. दिवसातून एक-दोनदा हँग होतं. मी फक्त मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत बसवणार होते. मी हात लावेपर्यंत मशीन चालू होतं, हे इथेच सांगून टाकते.

मेमरीची पट्टी ज्या खाचेत बसते तो स्लॉट. त्याच्या दोन टोकांना दोन कान, म्हणजे लॅच, असतात, ते पट्टीला घट्ट धरतात. या मशीनमध्ये ते प्लास्टिकचे होते आणि तीस वर्षांत पापडासारखे झाले होते. एकूण स्लॉट आठ, चार-चारच्या दोन गटांत. गटातल्या चारही पट्ट्या नीट बसल्या तरच मशीन सुरू होतं. दुसऱ्या गटावर कधीतरी AC चं पाणी ठिबकून पिना हिरव्या पडल्या होत्या. म्हणजे चालणारा गट एकच, आणि त्याचा कान मी तोडला होता.

केंद्र चालवणाऱ्या अनुराधा मॅडमना मी तिथेच बोलावलं.

"माझ्या हातून स्लॉट तुटलाय. मशीन आता सुरू होणार नाही."

"किती दिवस?"

"स्लॉट बदलावा लागेल. चार-पाच दिवस. बोर्ड वाचला तर."

त्यांनी दाराबाहेर बघितलं. बाकावर माने आण्णा बसले होते. खटावकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. डावा पाय गुडघ्याखाली नाही. जुन्या कपाला चीर गेलेली आणि ती रोज कातडीला घासत होती. त्यात त्यांना शुगर. जखम चिघळली तर पाय अजून वर कापावा लागू शकतो, असं मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मी पट्टी दोऱ्याने बांधून बघितली. मशीन सुरू झालं, आणि दहा मिनिटांत स्क्रीन गोठला. मध्येच कोरणं थांबलं तर साचा वाया जाणार. मी दोरा सोडला.

मॅडमनी पुण्याला फोन केला. तिथे दीड महिन्यानंतरची तारीख होती. त्यांनी आण्णांना तसं सांगितलं.

"पुन्याला न्हाई जायाचं मला," आण्णा म्हणाले. "माजा पयला पाय ह्या रफिकभाईनंच केला हुता. तवा कुठं हुतं मशीन?"

रफिकभाई केंद्रातले सगळ्यात जुने कारागीर. मशीन आल्यापासून ते फक्त कपाच्या कडा घासून गुळगुळीत करत. ते तिथेच उभे होते.

"आण्णा, आठ वर्षं झाली अख्खा साचा हातानं करून. नजर पण कमी झालीय."

"हात हायत न्हवं? मग करा की. चुकला तर दुसरा करा. मी हाय हितंच, बहिणीकडं."

मॅडम म्हणाल्या, "रफिकभाई, प्लास्टर भिजवा."

मी बोर्ड घेऊन शेजारच्या खोलीत बसले. घरी नेला असता तर बरं वाटलं असतं, पण मला तिथून उठायचा धीर होईना. माझ्या घरच्या अडगळीत जुन्या पीसीचे मदरबोर्ड होते, ते मागवून घेतले; त्यांच्यावर असाच बहात्तर पिनांचा स्लॉट असतो. दोन दिवस त्यातला एक सहीसलामत काढण्यात गेले. तुटलेला मात्र मी अखंड काढला नाही. त्याचं प्लास्टिक कटरने कापून टाकलं आणि एकेक पिन तापवून उचलली. एकदम ओढलं तर छिद्रातलं तांब्याचं अस्तर उखडतं आणि बोर्ड संपतो. एकाहत्तर पिना नीट निघाल्या. एकीबरोबर अस्तर आलंच. तिथे केसाएवढी तार जोडून रस्ता पुरा केला.

पलीकडून कानशीचा आवाज यायचा. बुधवारी आण्णांनी पहिला कप घालून बघितला. पुढच्या हाडाला टोचत होता. रफिकभाईंनी पेन्सिलने खूण केली, साच्यावर त्या जागी प्लास्टर वाढवलं आणि कप परत ओढला. गुरुवारी दुपारी आण्णा नव्या कपावर माझ्या दारापर्यंत चालत आले.

"ताई, तुमचं झालं का?"

"नाही अजून."

"चालू द्या. मला आता घाई न्हाई."

शुक्रवारी मशीन सुरू झालं आणि दिवसभर एकदाही अडकलं नाही. मॅडमनी सगळ्यात आधी रफिकभाईंच्या साच्याचं माप त्यात घेतलं आणि आण्णांच्या जुन्या फाइलशी ताडून बघितलं. पाय बराच बारीक झाला होता. नुसत्या जुन्या फाइलवर कप केला असता तर सैल झाला असता, असं त्या म्हणाल्या. जुनी फाइल त्यांनी ठेवली, पण नवीन माप रफिकभाईंच्या नावाने सेव्ह केलं. रफिकभाईंनी चष्मा लावून ते नाव वाचलं आणि चहा सांगायला गेले.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. 'लॅच तंत्रज्ञाच्या हातून तुटली.'

"प्लास्टिक जुनं होतं म्हणून तुटली, असं लिहा की," मॅडम म्हणाल्या.

"दोन्ही लिहिते."

दुसऱ्या गटातल्या हिरव्या पिनांना मी हात लावला नाही.

दुरुस्तीआधी मी भरून घेते त्या फॉर्मवर आता एक ओळ जास्त आहे: 'मशीन उघडल्यावर बंद पडलं तर काम कोण करणार?' तिथे माणसाचं नाव आल्याशिवाय मी स्क्रू काढत नाही. बहुतेक ऑफिसांत ती ओळ भरायलाच दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो.