निकामी ठरवलेल्या चार ट्यूब

सुलक्षणा राणे बाईंनी मुलुंडच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्सची लॅब सांभाळली आणि तेवढ्या काळात एकच माणूस घरी पाठवला. बाळा मेस्त्री, स्टोअरचा शिपाई. बारा वर्षांपूर्वी त्याने काढून दिलेल्या चारही नव्या व्होल्टेज ट्यूब मेलेल्या निघाल्या. चांगल्या ट्यूब बाजारात विकून याने खोक्यांत जुन्या भरल्या, असा रिपोर्ट बाईंनी लिहिला. अक्षर मोत्यासारखं आणि डोकं कायम तापलेलं. चौकशी समितीला आणखी काय हवं होतं?

परवा नव्या हेड, गंधाली मॅडम, यांनी रिटायर झालेल्या बाईंना बोलावून घेतलं. जुनं कपाट भंगारात जाणार होतं. चालण्यासारखं असेल ते बाजूला काढून द्या, म्हणाल्या. कपाटात बाईंनी स्वतः बांधलेला पॉवर सप्लाय होता. शेजारच्या पाकिटात त्या चार ट्यूब, वर बाईंच्याच अक्षरात 'निकामी'.

ही ट्यूब म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी, आत जरासा गॅस. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढायला लागला की ती जास्त करंट ओढते, वाटेतला रेझिस्टर तो वाढीव दाब स्वतःवर घेतो आणि पुढे बरोबर दीडशे व्होल्ट जातात. दाब उतरला की ती कमी ओढते, पुढे पुन्हा दीडशेच. अट एकच. आधी ती पेटायला हवी, आणि पेटायला दीडशेहून बराच जास्त दाब लागतो.

बाईंनी एक ट्यूब बसवली, पत्र्याचं झाकण लावलं, स्विच दाबला. मीटरचा काटा एकशेनव्वदवर जाऊन हेलकावे खात राहिला. म्हणजे पेटली नाही, मेलेलीच. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पण जन्माची सवय. रेझिस्टर तपासल्याशिवाय ट्यूबला नावं ठेवायची नाहीत. बारा वर्षांपूर्वी नेमकं तेवढंच रागाच्या भरात राहून गेलं होतं. डावा हात पाठीमागे धरून, म्हणजे शॉक छातीतून जाणार नाही, त्यांनी चालू सप्लायचं झाकण उचललं. खिडकीतून दुपारचं ऊन आत पडलं आणि ट्यूब जांभळी उजळली. काटा दीडशेवर येऊन गप्प बसला.

झाकण लावलं, तरी काटा दीडशेवरच. सप्लाय बंद केला, थांबल्या, पुन्हा चालू केला. एकशेनव्वद.

मग बाईंच्या लक्षात आलं. गॅस पेटायला सुरुवातीला दोनचार सुटे इलेक्ट्रॉन लागतात, आणि आतल्या धातूवर उजेड पडला की ते सुटतात. मिट्ट काळोखात तीच ट्यूब जास्त दाब मागते, आणि एकशेनव्वद तिला पुरत नव्हते. पोरांना शॉक बसू नये म्हणून ते झाकण बाईंनीच त्या वर्षी हौसेने करून घेतलं होतं.

उरलेल्या तीन तरी मेलेल्या असू देत, असं त्या चक्क मनात म्हणाल्या. दुसरी उजेडात पेटली. तिसरी बसवली, तीही पेटली. चौथीच्या वेळी त्यांनी डोळे मिटून स्विच दाबला, उघडले तेव्हा समोर जांभळा उजेड होता. आपण एका निर्दोष माणसाची वाट लावली, हे आता कुठल्याही मीटरला विचारायची गरज उरली नाही.

त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन त्या दहिसरला बाळाच्या चाळीत गेल्या. बाळा आता एका टॉवरवर वॉचमन होता; ड्युटीला निघायच्या बेतात शर्टाची बटणं लावत दारात आला. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं. झाकणाचं, उजेडाचं, स्वतःच्या रागाचं. चूक माझी होती, तू काही घेतलं नव्हतंस, म्हणाल्या. उद्याच प्रिन्सिपलना तसं लिहून देते, असंही म्हणाल्या.

बाळाने एक ट्यूब हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, परत पाकिटात ठेवली. बाईंना वाटलं, आता हा दार लावून घेईल.

"कॉलेजला काय ते नंतर लिवा, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी आत येवन् माझ्या बायकोला सांगा. अजून अधनंमधनं विचारते, खरंच त्या घेतलेल्यास काय म्हणून."