मामा, अप्पा आणि बाई

नव्या हेडबाई हैदराबादहून आल्या आणि पहिल्याच दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मामाला हाक मारली. आमच्या शाळेत मामा कुणी नव्हता. मुलींची शाळा ती, आत पुरुषमाणूस यायची सोयच नव्हती. त्यांनी पुन्हा हाक मारली तेव्हा शाळेतली अव्वा लगबगीनं फाटकाकडं गेली, कुणाचा मामा भाचीला न्यायला आलाय ते बघायला. बाहेर एक शेळी उभी होती. अव्वानं परत येऊन तसं सांगितलं. हेडबाई तिच्याकडं बघत राहिल्या, ती हेडबाईंकडं बघत राहिली, आणि मी दोघींकडं.

हे निजामाच्या अमलातलं बसवकल्याण. तेव्हा गावाला नुसतं कल्याणी म्हणत. अव्वा म्हणजे घरोघर फिरून मुलींना शाळेत आणणारी, पाणी भरणारी, गळ्यात लिंग घातलेली म्हातारी. कानडीत अव्वा म्हणजे आई, आणि सगळं गाव तिला तेच म्हणे. हेडबाईंच्या शहरात मात्र घरकाम करणाऱ्या बाईला मामा म्हणायची पद्धत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मला तर मामा म्हटलं की उमरग्याचा माझा मामा दिसायचा, ज्यानं मला दुकानात शेजारी बसवून बाराखडी शिकवली. त्यामुळं अव्वाला मामा म्हटलेलं ऐकून हसावं की चिडावं, मला कळेना. चिडायचं ठरवलं. माझा स्वभावच तसा आहे, समजेपर्यंत थांबायला मला जमत नाही.

मी कोण हे आता सांगायला हवं. मला मुडबीला दिलं होतं. नवरा लवकर गेला. त्या घरात मला नाव नव्हतं. सासू ‘अगं ए’ म्हणायची, जावा ‘ही’ म्हणायच्या. थोरले दीर माझ्याशी बोलतच नसत. मी समोर असले तरी ‘तिला म्हणावं पाणी आण’ असं भिंतीला सांगत. त्यात दुष्टावा नव्हता, रीतच तशी होती. पण सारखं ‘ती’ म्हणून राहिलं की माणसाला आपण खरंच तिथं आहोत का, अशी शंका यायला लागते. शेवटी मामानं भांडून मला तिथून आणलं, शिकवलं, आणि कल्याणीच्या शाळेत मराठीच्या वर्गावर हंगामी म्हणून लावून दिलं. राहायला अव्वाच्या घरामागची खोली. पहिल्या दिवशी एका नाक पुसणाऱ्या पोरीनं माझा पदर ओढला आणि म्हणाली, “बाई, पाटी फुटली.” मी पाटीकडं बघितलंच नाही. मला कुणीतरी बाई म्हणालं होतं. त्या एका शब्दासाठी मी मुडबीहून अनवाणी चालत आले असते.

पुढं मामाही गेला. दिरांनी निरोप धाडला की ज्वारीची सुगी उरकली की येतो. तिला शाळेत कायम केलं असलं तर राहू द्या, नाही तर घर आहे, दोन घास आहेत. निरोपात वाईट असं काही नव्हतं, तरी ऐकताना माझी पाचावर धारण बसली. कायम करायचं की नाही, हे सगळं हेडबाईंच्या शब्दावर होतं. त्या वरच्या कचेरीला काय कळवतील त्यावर मी बाई राहणार, नाही तर पुन्हा ‘ती’ होणार.

म्हणून मी ठरवलं की मान द्यायला आपण कुठं कमी पडायचं नाही. आपल्याकडं शाळेतल्या मुख्य बाईंना ‘मोठ्या बाई’ म्हणतात. त्याचं मी माझ्या अकलेनं उर्दू केलं, हात जोडले आणि म्हणाले, “सलाम, बडी बाई साहेब.”

त्यांच्या हातातला विडा तोंडाशी जाऊन थांबला. तो त्यांनी पानदानात परत ठेवला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. काय चुकलं ते मला उमजेना. सलाम नीट झाला नाही का? पदर डोक्यावर नव्हता का? मी पदर कपाळापर्यंत ओढला, आणखी वाकले, आणि दिवसातून जितक्या वेळा त्या समोर येतील तितक्या वेळा ‘बडी बाई साहेब’ म्हणायला लागले. मुलींसमोर तर आवर्जून. मुलींच्या आया आल्या की त्यांच्यासमोरही. जितका मान द्यावा तितक्या त्या आक्रसत. एकदा तर मला येताना पाहून त्या सरळ आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेरून आदबीनं हाक मारली, बडी बाई साहेब, बडी बाई साहेब. दार उघडलं नाही.

अव्वाला विचारलं तर ती म्हणाली, शहरातलं माणूस हाय, डोकं दुखत आसंल. तिला स्वतःला मामा म्हणतात याचं तिनं काही मनावर घेतलं नव्हतं. पहिले काही दिवस ती हाक आली की फाटकाकडं बघायची, मग सवय झाली. माझं तसं नव्हतं. मी खोलीत भाकरी थापताना मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची आणि भाकरी करपायची. या बाईला झालंय तरी काय? हिंदू म्हणून राग आहे? खेड्यातली म्हणून? की विधवेचं तोंड नको? दर दिवशी नवं कारण सापडे आणि दर दिवशी ते खोटं ठरे. त्या माझ्या वर्गातल्या पोरींच्या वेण्या घालून द्यायच्या, अव्वाच्या सुजलेल्या पायाला तेल पाठवायच्या. वाईट म्हणावं तर कुठून म्हणावं, हेच कळत नव्हतं.

मग त्यांनी सगळ्या मुलींना गोळा करून सांगितलं की यापुढं मला, मराठी शिकवणारीला, कुणी बाई म्हणायचं नाही, उर्दूत शिक्षिकेला म्हणतात तसं उस्तानी म्हणायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं एक माझं म्हणून होतं, तेही काढून घेतलं. पोरींना तो शब्द धड म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गानं मला ‘सुतारीण’ केलं होतं. “सुतारीण, पाटी फुटली.” दुसऱ्या कुणाची गंमत असती तर मी पोट धरून हसले असते. मला रडू आलं. सुगी तोंडावर आली होती, मंठाळच्या बाजूनं कणसांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. एका दुपारी मधल्या सुट्टीत मी विचार न करता हेडबाईंच्या खोलीत शिरले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. मोडक्यातोडक्या उर्दूत विचारलं की मी केलं तरी काय? मला घालवायचं असेल तर घालवा, पण कारण सांगा.

त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं. “आप मुझे रोज सबके सामने गाली देती हैं, और पूछती हैं, क्या किया?”

मी म्हणाले, गाली? मी?

त्यांना तो शब्द तोंडातून काढवेना. कसंबसं त्यांनी वळसे घेत सांगितलं. त्यांच्या शहरात बाई कुणाला म्हणतात, कोणत्या गल्लीत म्हणतात, जिथं संध्याकाळी गाणं-बजावणं चालतं तिथं. बडी बाई म्हणजे तर त्या घराची मालकीण. त्यांच्या वडिलांनी ऐकलं असतं तर नोकरी सोडायला लावून परत नेलं असतं. मी आठवायला लागले की कितीदा म्हणाले, कुणाकुणासमोर म्हणाले, आणि आठवणं बंद केलं.

मग मलाही राहवेना. मी त्यांना सांगायला लागले, निम्मं मराठीत, निम्मं उर्दूत, मध्ये कानडी कुठून आली देव जाणे. मुडबीचं घर सांगितलं. ‘अगं ए’ सांगितलं, ‘ती’ सांगितलं, भिंत सांगितली. म्हणाले, माझ्याकडं देण्याजोगा तोच एक शब्द होता, त्याहून मोठा मला माहीत नाही, तो मी तुम्हाला दिला. आणि तुम्ही मुलींना सांगून माझा काढून घेतलात.

त्या पानदानाचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. शेवटी ते लावून ठेवलं आणि म्हणाल्या, “मैं तो समझी, मैं आपकी इज्जत बचा रही हूं.”

एवढंच. त्या चुकलं म्हणाल्या नाहीत, मीही म्हणाले नाही. घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. भांडण मिटलं की वाढलं, मला काही कळलं नव्हतं. आपण दोघींनी एकमेकींना इतके दिवस मान दिला आणि त्यानंच एकमेकींना सोलून काढलं, हे डोक्यात शिरायला तयार नव्हतं. आजही पुरतं शिरलंय असं म्हणवत नाही. कारण बघा, आत्ता लिहितानाही मी त्यांना हेडबाईच म्हणतेय, सवयच जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींना निरोप गेला की मराठीच्या वर्गानं पूर्वीसारखं बाई म्हणायला हरकत नाही. स्वतःला मात्र त्यांनी ‘आपा’ म्हणायला सांगितलं, थोरली बहीण या अर्थानं. झालं. आमच्या निम्म्या मुली घरी कानडी बोलणाऱ्या. त्यांनी आपाचं सरळ ‘अप्पा’ केलं, आणि कानडीत अप्पा म्हणजे बाप. हेडबाई वर्गात आल्या की पोरी उठून एका सुरात म्हणायच्या, सलाम अप्पा. त्यांना कुणी अर्थ सांगितला कोण जाणे, त्या काही दिवस हिरमुसल्या, पण बदला म्हणाल्या नाहीत. अव्वा एकदा अंगण झाडता झाडता मला म्हणाली, “म्या मामा, त्या अप्पा. साळंत बाई म्हणून तुमीच एकट्या ऱ्हायलाव बगा.” त्या वाक्याला मी आतून हसले, कितीतरी दिवसांनी.

तरी माझा घोर गेला नव्हता. मुलींनी मला बाई म्हटलं की हेडबाई नजर खाली वळवत. त्यांच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. मला हाक मारायची वेळ आली तर “सुनिए” म्हणत, नाही तर चुटकी वाजवायला हात उचलत आणि अर्ध्यात खाली घेत. परवानगी दिली, पण त्यांच्या मनात मी अजून त्या गल्लीतलीच होते का? वर त्यांनी काय कळवलं हे विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि त्या आपण होऊन सांगत नव्हत्या.

सुगी झाली आणि दीर आले. मी वर्गात पाढे घेत होते. खिडकीतून त्यांचा पटका दिसला आणि माझा पाढा मध्येच तुटला. त्यांना आत सोडता येत नव्हतं म्हणून अव्वानं त्यांना ओसरीवर, बांबूच्या कामट्यांच्या चिकाच्या पडद्याबाहेर बसवलं. पडद्याच्या आत हेडबाई. माझा वर्ग शेजारीच, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

दिरांनी आधी ज्वारीचं सांगितलं, मग वाटेच्या धुळीचं. मग खाकरले आणि म्हणाले, “ती हाय का? तिचं काय ठरलं इचारायला आलोय. न्हाई तर तिला न्यायला गाडी आणलीया.”

मी खडू घट्ट धरून उभी. पोरी माझ्याकडं बघायला लागल्या.

“कौन ती?” हेडबाई म्हणाल्या.

“ती वो. आमच्या भावाची. हितं पोरी शिकवायलीया ती.”

हेडबाईंना दिरांचं मराठी समजलं नसावं, असं मला वाटलं, आणि आता सगळं बिघडणार असंही वाटलं. मग पडद्याआडून त्यांचा आवाज आला. रोजच्यासारखा हळू नव्हता. शब्दावर जरा अडखळला, पण मागं फिरला नाही.

“यहां ती कोई नहीं है. यहां बाई हैं. पक्की हो गईं बाई, मैं लिख के भेज चुकी. मिलना है तो बैठिए, बाई का सबक चल रहा है. छुट्टी होगी तो बाई बाहर आएंगी.”

तो शब्द त्यांना किती जड गेला असेल हे तिथं फक्त मला माहीत होतं. त्यांचे वडील, त्यांचं शहर, ती गल्ली, सगळं गिळून त्यांनी तो उच्चारला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला आनंद व्हायला हवा होता. मी पोरींना सांगितलं, म्हणा, आणि पोरींनी विचारलं, काय म्हणू बाई, आणि मला पाढा कुठला चालू होता तेच आठवेना.

सुट्टी झाली. मी ओसरीवर गेले आणि सवयीनं खांबाआड उभी राहिले. दीर उठले. पटका काढला, पुन्हा बांधला. माझ्याकडं बघावं की भिंतीकडं, याचा त्यांना काही अंदाज लागत नव्हता. शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले, “मग येतो म्या. तुमी... ऱ्हावा हितंच.”

मी मागं वळून पाहिलं, ते कुणाशी बोलतायत म्हणून. मागं कुणीच नव्हतं.